गुजरीच्या खालून

उतरायच्या आधी सर्जेरावांनी झाकण कलतं केलं.
काडी पेटवली नाही.
"झुरळं बघायची. पळत असली तर हवा हाय.
निपचित असली तर गप घरला जायाचं."
झुरळं पळत होती.
दस्तगीर म्हणाला, "चला, पास झालो."

मार्च, पहाटेचे पाच, खाली घोटाभर पाणी.
आमच्याकडे गमबूट, कपाळावर दिवे, दोन कॅमेरे
आणि नगरपालिकेच्या काळातला एक नकाशा,
ज्यात पंचगंगा तेवढी शाबूत,
बाकीचं गाव वाळवीनं नेलेलं.
सर्जेराव आत आले नाहीत.
"तुमी खालनं या. मी वरनं येतो."

विटा अजून पक्क्या.
अंड्यासारखा घाट, निमुळतं टोक खाली,
म्हणजे पाणी थोडं असलं तरी पळतं.
कुणीतरी एवढं डोकं लावलं होतं
जिथं कुणी बघायला येणार नाही तिथं.

पहिली दहा मिनिटं फक्त मळमळ.
मग नाक शिकलं.
साबण. शिकेकाई. पायाला अचानक ऊन पाणी:
वर कुठल्यातरी लॉजमध्ये
दर्शनाला आलेलं बिऱ्हाड आंघोळीला बसलंय.
पुढं भिंतीला वीतभर थिजलेली चरबी,
पांढरीफेक. वर खानावळ असणार.
"तांबडा वर राहिला, पांढरा खाली आला,"
दस्तगीर हसला,
आणि बोगद्यानं ते हसू तीनदा परत केलं,
दर वेळी थोडं म्हातारं करून.

मग जाळी. उजेडाच्या पट्ट्या.
खर्र खर्र, झाडूचा आवाज.
गुजरी.
दुकानं उघडायच्या आत झारेकरणी येतात,
उंबऱ्यापुढची धूळ झाडतात, गटारीचा गाळ उपसतात,
सोनाराच्या फुंकेनं उडालेला कण
पाटीभर चिखलात शोधत बसतात.
एक बाई वाकली. तिला आमचे दिवे दिसले.
"कोन हाय रं खाली?"
काय सांगायचं?
"कुणी नाही, मावशी."
"मग गाळ तुडवू नगा. उद्याचा हाय त्यो."
आम्ही कडेकडेनं गेलो,
भिंतीला पाठ लावून,
कुणाच्या शेतातून गेल्यासारखे.

वळणावर एक कोनाडा, आत काजळी,
आणि छातीच्या उंचीवर खिळा.
चौकोनी, लोहाराच्या हातचा.
खालची वीट घासून गुळगुळीत झालेली.
मी त्याचे अकरा फोटो काढले,
फ्लॅश लावून, फ्लॅश न लावता,
शेजारी माप कळावं म्हणून रुपया धरून.
दस्तगीरनं सहज हलवून बघितला
तर दुधाच्या दातासारखा निघून आला.
"आठवण," म्हणाला, आणि खिशात टाकला.
मी काही बोललो नाही.

जयंती नाल्याच्या तोंडाशी बाहेर पडलो.
केंदाळ, पिशव्या, एक बगळा एका पायावर.
सर्जेराव कठड्यावर चहा घेत बसलेले.
आमच्यासाठी दोन कप, वर बशी झाकलेली.
"बावीस मिनिटं जास्त लावलीसा.
वळणावर थांबला असणार."

मग नाल्याकडं बघत म्हणाले,
"तिथं एक खिळा होता.
बानं ठोकलेला. सदरा अडकवायला.
वर काढून ठेवला तर दुकानदार काठीनं सरकवायचे,
लांबनं, असा."
त्यांनी चमच्यानं बशी सरकवून दाखवली.
"खाली कोन येतंय सरकवायला?
तिथं कसा ऐटीत लोंबायचा.
बा गेल्यावर माझा. अठ्ठावीस वर्सं."

बगळा उडाला.

"हाय का अजून?"

दस्तगीरचा हात खिशाकडं गेला
आणि तिथंच राहिला.
मी म्हणालो, "आहे."

खोटं नव्हतं ते.

सर्जेरावांनी मान हलवली,
कप विसळून ठेवले,
आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले, तिघांचे.