दहा गाड्यांमागे एक

ॲरिझोनातल्या टायर-दुकानामागे
झेल्मा ट्रुइट टेप घेऊन वाकते.
खोडाचा घेर, आळ्याची रुंदी, ठिबकची नळी.
दहा गाड्यांमागे एक झाड, नियमच आहे.
नकाशावर हिरवी वर्तुळं कधीच वाढून बसलीत:
पंधरा वर्षांनंतरची
भर दुपारची सावली.

इथे काठीएवढं मेस्किट,
दोन खुंटांना बांधलेलं,
नर्सरीची चिठ्ठी अजून फांदीला.
‘एका झाडापायी एका गाडीची जागा गेली माझी,’
ओचोआ कुरकुरतो.
ती खूण करते. सही.
मार्चमध्ये निवृत्त होणार आहे,
हे त्याला कशाला सांगा.

मग स्वतःची गाडी
पुढे, मागे, जराशी पुढे घेत
अशी लावते
की बोटभर सावली बरोब्बर स्टिअरिंगवर पडावी.
आणि डबा उघडते.