तात्पुरतं

तळघरातल्या पाइपवर चिकटपट्टी, तिच्यावर बाबांचं अक्षर,
मार्करनं, ठसठशीत, उजवीकडे कललेलं:
"तात्पुरतं. वसंतात नीट करायचं."
खाली साल, अठ्ठ्याऐंशी.
पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन क्लॅम्प,
आणि छत्तीस वर्षं टिपूस नाही.

गळतंय ते हातभर पुढं,
जिथं गेल्या ऑक्टोबरात मी काम पक्कं केलं होतं,
अठरा डॉलरचा पितळी जोड आणून,
पुस्तकात बघून, हातमोजे घालून.
खाली बादली. टप्.

रेनो फोनवर म्हणतो, आइली, प्लंबर बोलाव.
फिनिक्सच्या वाळवंटात बसून
गळतीवर बोलायला काय जातंय त्याचं.

बाहेर पिकअप जॅकवर टेकलीय, एक चाक काढलेलं,
खांबापाशी थांबलेल्या कुत्र्यासारखी.
डुलूथमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात.
बर्फ वितळतो, गाड्या मुरतात.
पुढचा ब्रेक चांगलाच मुरलाय.
बोल्ट जागचा हलत नाही.

ऑर्विल बर्गस्ट्रॉम रस्ता ओलांडून येतो,
हातात कॉफी, एकच कप, स्वतःचा.
"तेल मारलंस?"
मारलं.
"तापवलास?"
तापवला.
"शिव्या?"
त्याही दिल्या, इंग्रजीत, मग घरच्या फिनिशमध्ये.
"मग आधी थोडा आवळ.
तुझा बाप तेच करायचा."

सोडवायचा, तर आधी आवळायचा.
पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून
मी अंग टाकते, उलट दिशेला, केसभर.
कट्.
मनगट की बोल्ट, क्षणभर कळत नाही.
बोल्ट.

वसंत आला होता त्या वर्षीही.
सरोवरावरचा बर्फ फुटला,
पहिलं जहाज भोंगा देत पुलाखालून आलं म्हणे.
आम्ही तेव्हा रोचेस्टरला, चौथ्या मजल्यावर.
आईच्या खाटेचं एक चाक करकरायचं,
नर्सनं खाट सरकवली की आईचा चेहरा आक्रसायचा.
बाबांनी खिशातून तेलाची कुपी काढली,
ओणवे झाले, खाटेखाली गेले.
चाक गप्प झालं.
ते मात्र बराच वेळ बाहेर आले नाहीत.
दिसत होते नुसते बूट,
एकाची नाडी विजेच्या वायरची.

पुढचे वसंत इतर कामांत गेले.
छपराची एक बाजू, मग दुसरी.
सौनाच्या शेगडीला दार, त्याला बिजागरी
भंगारातल्या ट्रकच्या पाट्याची.
माझ्या लग्नासाठी त्यांनी कुंपण रंगवलं,
ते लग्नापेक्षा जास्त टिकलं.
पाइपकडे कुणी वळलं नाही.
गळत नसेल तिथं कोण हात घालतो?

नवे पॅड बसले. दहा नंबरचा सॉकेट हरवला.
बाराचा, चौदाचा कधी हरवत नाही, दहाचाच.
पेडल पहिल्यांदा पोकळ गेलं,
पार फळीला टेकलं, खाली कुणीच नसल्यासारखं.
घाबरायचं नाही. दाबत राहायचं.
सहाव्या-सातव्या वेळी पायाखाली काहीतरी भरून येतं.

मग उतार. आमचा रस्ता सरळ सरोवरात जातो,
मध्ये चार कोपरे.
ऑर्विल न विचारता शेजारी बसला,
कप छातीशी धरून, सीटबेल्ट दोनदा ओढून पाहून.
पहिल्या कोपऱ्यावर थांबली.
दुसऱ्यावर जरा डावीकडे ओढली, पण थांबली.
"पडद्याच्या सळईवर चढून रडायचीस तू,"
तो म्हणाला, "बाप दिसेपर्यंत उतरायची नाहीस."
मला हे आठवत नाही.
कॉफी सांडली नव्हती.

घरी आल्यावर बादली ओतली,
मेन बंद केला, पितळी जोड काढून कोनाड्यात ठेवला.
आता गॅरेजमध्ये सायकल शोधतेय,
रेनोची, निळी, मागचं चाक वाकलेली.
ट्यूब मिळेल.
मार्कर सगळे वाळलेत.