फायबरच्या गाडीला अर्थ नसतो

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा.
हेडलाइट लावले की तापमानाचा काटा
थंडगार इंजिनावरही चढायचा, थेट लाल रेघेपर्यंत.
हॉर्न वाजवला तर वायपर
अर्धा इंच उठून परत निजायचा,
झोपेत कुणी हाक ऐकावी तसा.

एकोणीस वर्षं खासगीवाले डॉक्टरांच्या दवाखान्यामागे
ताडपत्रीखाली उभी होती ती :
दोन सीटांची, बिनछपराची, अंगाने फायबरची,
उंचीला माझ्या कमरेएवढी.
तीन मिस्त्री होऊन गेले, डॉक्टर म्हणाले,
प्रत्येकाने एक फ्यूज बदलला आणि हात जोडले.
शेवटचा जाताना म्हणाला, "इसको अर्थ नहीं मिल रहा."
पीएफमधून पैसे काढून मी ती आणली
टोचन करून, स्कीम नंबर एकाहत्तरपर्यंत,
आणि कुमुदवन्सं गॅलरीतूनच म्हणाल्या,
"पन्नाशीत हे काय गं? अर्थ काय याला?"

बावीस वर्षं मी पीथमपूरला हार्नेसच्या लाइनवर आहे.
फळीवर वायरी अंथरायच्या, वेणी घालायची, टेप गुंडाळायची,
दर चार मिनिटांना एक.
त्या कुठल्या गाडीत जाऊन काय पेटवतात
हे विचारायला वेळ नसतो.
म्हणून मी फ्यूजला हात लावला नाही.
आधी वही काढली.
काय दाबलं की काय हलतं,
एवढंच लिहीत गेले तीन रविवार.

पत्र्याच्या गाडीत वीज कशीही घरी परतते,
दारातून, बॉनेटमधून, सगळं अंगच तिची वाट.
फायबरमधून तिला जाता येत नाही.
इथे प्रत्येक दिव्याला परतीची आपली वायर लागते, काळी,
आणि तीच अडली की वीज
शेजारच्या दिव्यातून वाट काढते,
त्याला उगाच जागं करत.

मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या बुडाशी,
दुसरं बॅटरीच्या वजा खांबाला.
शून्य यायला हवं होतं.
चार पूर्णांक दोन.

सियागंजात ताहेरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
"दीदी, इतना मोटा काला तार? जनरेटर का काम है क्या?"
पाच मीटर दिली. थिंबल मोजून बारा,
वर एक तेरावं, "एक तो खराब निकलेगाच."

डॅशबोर्डखाली उताणी, पाय बाहेर,
क्लच कानाला टेकलेला, टॉर्च दातांत,
मी काळ्यांचा माग काढत गेले.
अकरा वायरी, चासीच्या पाइपावर एक बोल्ट,
आणि बोल्ट निळा.
गाडीच्या निळ्याहून ताजा निळा.

डॉक्टरांना फोन लावला.
ते जरा वेळ बोलले नाहीत.
मग, "चासीला गंज धरू नये म्हणून
मीच रंगवली होती. ब्रशने.
एकेक नट सोडवून, दोन-दोन हात."
मी म्हटलं, बरं केलंत. चासी शाबूत आहे.

शंभर नंबरचा पॉलिश पेपर.
धातू दिसेपर्यंत घासलं,
रुपयाएवढा एक चकचकीत गोल.
बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं,
तिथून बॅटरीपर्यंत एक जाड काळी ओढली.
ब्रेक दाबला. डावा इंडिकेटर गप्प.
हेडलाइट लावले. काटा जागचा हलला नाही.
मग पंधरा मिनिटं नुसती बसून
ब्रेक दाबत राहिले, सोडत राहिले.

पहाटे पाचला सुपर कॉरिडॉर.
हे शेजारी, कानटोपी घालून, दाराची कडी घट्ट धरून.
मंडीकडे निघालेले कांद्याचे ट्रक,
त्यांच्या चाकांचे नट आमच्या डोळ्यांसमोर गरगरत होते
आणि सालं उडून मांडीवर पडत होती.
सत्तर. ऐंशी.
ह्यांनी पायाशी चाचपून काहीतरी वर काढलं,
टोकाला टेप गुंडाळलेली काळी वायर.
"ही कशाची?"
"माहीत नाही. सुटीच सापडली."
"मग कापून का नाही टाकलीस?"
"बंद पडेल ना काहीतरी एक दिवस,
तेव्हा कळेल."