परांची

शारजाच्या मासळीबाजारात
म्हाकूळ साफ करणारा रफीकुल विचारतो,
पोपट पाळलाय का?
हाड मागणारे सगळे पोपटवालेच.
मी म्हणते, हो.
मागे रांग आहे, आणि माझी हिंदी
‘संशोधन’पाशी अडखळते.

सात हाडं, पांढरी, होडीच्या आकाराची, फुकट.
बसमध्ये तो वास मांडीवर घेऊन बसते.
शेजारची बाई उठून पुढे जाते.
हर्णैत या वासाला कुणी उठत नाही.

ब्लीच. पाणी. मग भट्टीत दोनशे अंश, चोवीस तास.
डॉक्टर हनान म्हणतात, पुन्हा कर.
तिसऱ्या आठवड्यात डिशभर बुरशी,
हिरवट, मखमली, जवळजवळ सुंदर.
मी बाथरूमचा नळ सोडून रडले
आणि परत येऊन नवी लेबलं लिहिली.

मग एका मंगळवारी मायक्रोस्कोपखाली
मजले दिसले.
खरोखरचे मजले, एकावर एक,
मधे नागमोडी, केसाएवढे खांब.
कुणीतरी इमारत उभारली होती
आणि आत राहायला यायचं विसरलं होतं.
हिला धरून हाडाच्या पेशी चढतील,
हाड भरत येईल
आणि ही हळूहळू विरघळून जाईल.
इथे सगळे म्हणतात, स्कॅफोल्ड.
माझ्या तोंडात घरचा शब्द आला.

मुनाफचाचा परांची बांधायचा.
अकरा वर्षं, याच शहरात.
परत आला तेव्हा वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट
आणि उजव्या मांडीत सळई.
फोनवर विचारतो, तुझं हाड तयार झालं का गो?
अजून उंदरालाही नाही, चाचा.
सावकाश कर. माझी सळई स्टीलची आहे.

तुझी इमारत कुठली, मी विचारलं.
खाडीजवळ, निळ्या काचांची, म्हणाला.
शुक्रवारी दुपारी गेले,
चप्पल डांबराला चिकटत होती.
निळ्या काचांच्या चार निघाल्या.
चारींचे फोटो पाठवले.

रात्री त्याचा आवाज आला, मागे लाटा, कुत्रं:
यातली एकही नाही.
मग बराच वेळ नुसत्या लाटा.
असेलही. काचा आमच्यानंतर लागल्या.
पुरी झालेली मी पाहिली कुठे?

दुसऱ्यांदा ऐकलं नाही.
सकाळी आठला पेशींचं पाणी बदलायचं आहे.