तेरडाच, पण कुठला

देवरुखच्या वर, कातळाच्या खाचेत
एकच रोप, वीतभर. फूल गुलाबी.
गुडघे भिजवून भिंगातून बघतोय:
पानं समोरासमोर, कडा करवती.
शेपटी आखूड; की लांब, पण वळलेली?
पुस्तकात इथून दोन वाटा फुटतात
आणि दोन्हीकडे मीच उभा.

गवताचा भारा खाली टाकून
भागी गोताड डोकावतात.
"ह्येची गवर नाय बसवीत आमी."
एवढंच. का, ते त्यांनाही ठाऊक नाही,
सासूनं नाही बसवली.

वहीत लिहितो: गौरीला चालत नाही.
पिकलेली शेंग एक तरी हवी म्हणून
चिमटीत धरतो,
टच्.
बिया भाऱ्यात, वहीत, भागीबाईंच्या पदरात.
बोटांवर नुसती हिरवी साल,
वळलेली.