बॅटरी चेक

सोसायटीच्या तंबोल्यात मला फुल हाउस लागलं
आणि बक्षीस निघालं: सेगवेवरून नेरूळदर्शन,
एक तास, एका व्यक्तीस.
मिक्सर निघाला असता तर बरं झालं असतं,
असं मी मोठ्यानं म्हणाले. सगळ्या हसल्या.

तरी गेले.
फेब्रुवारीतली सकाळ, खाडीचा ओला, लोखंडी वास.
एकतीस वर्षं पतपेढीच्या काउंटरमागे बसून काढलेली मी,
पंजाबी ड्रेसवर पोपटी हेल्मेट,
आणि पुढ्यात हे दोन चाकांचं जनावर,
उभं असतानाही थरथरणारं.

'याला ब्रेक नाय, काकी,' दर्पणा म्हणाली.
दर्पणा म्हात्रे, राहणार करावे, वय फार तर तेवीस,
ओठांपाशी माइक, कमरेला स्पीकर.
'पुढे झुकलात की चालणार. मागे रेललात की थांबणार.
ताठ राहिलात तर जागच्या जागी.'

मी ताठ राहिले.
बाकीचे चौघे वळणापर्यंत पोचले.
'काकी, झुका तरी जरा.'
मग चवड्यांवर थोडासा भार दिला,
एखाद्या आजोबांची थरथरती सही
काचेपलीकडून नीट दिसावी म्हणून द्यायचे, तेवढाच,
आणि जमीन मागे सरकायला लागली.

स्पीकर बोलायला लागला.
तो बघा पाम बीच रोड.
पाम आहेत, रोड आहे, बीच कुठाय,
कोपरखैरण्याच्या एका पोरानं विचारलं.
'बीच सिडकोला विचारा.'
हशा. हे वाक्य रोजचं असणार,
काउंटरवर आम्हीही असं एखादं ठेवायचो.
आणि हे फ्लेमिंगो, दरसाल येतात,
डिपॉझिट नाही, भाडं नाही, सोसायटीची एनओसी नाही.
पुन्हा हशा.
मी पक्ष्यांचे गुडघे बघत होते.
उलटे वळलेले, तरी कुरकुर नाही.

तिवरं जिथे जरा विरळ होतात
आणि फटीतून खाडी दिसते,
तिथे तिनं हात वर केला. 'बॅटरी चेक.'
सगळे थांबलो.
माझ्या हँडलवर चारही हिरवे ठिपके जळत होते.
तिनं कुणाचेच ठिपके पाहिले नाहीत.
माइक हनुवटीखाली ओढला आणि पाण्याकडे पाहत राहिली.
पाणी उतरत होतं.
कडेचा चिखल रुंद होत चाललेला, चकचकीत.

दुसऱ्या फेरीला तिथेच: बॅटरी चेक.
चिखल आणखी वाढलेला.
पोरगा म्हणाला, माझी फुल आहे.
ती म्हणाली, दोन मिनिटं.

तिसऱ्या फेरीला आधी इंजिनाचा आवाज आला,
खोकल्यासारखा, तुटक.
मग एक बारकी होडी,
काठीच्या टोकाला निळ्या ताडपत्रीची चिंधी,
आत एक माणूस उभा, आमच्याकडे न बघता
उरलेल्या पाण्याच्या रेघेतून वाट काढणारा.

तिनं हात हलवला नाही, हाक मारली नाही.
पण तिचा सेगवे
चार बोटं पुढे सरकला, खाडीच्या दिशेनं,
आणि तिनं तो टाचांनी मागे घेतला.
माणसाला लपवता येतं.
त्या चाकांना नाही आलं.

'तर मंडळी,' स्पीकर म्हणाला, 'समोर जे टॉवर दिसतात...'

हेल्मेट परत करताना विचारलं, वडील?
क्षणभर माझ्याकडे पाहिलं तिनं.
'हा. भरतीवर गेलता. पाणी गेलं का होडी बसते चिखलात,
मग सहा तास आतच.
मागच्या म्हैन्यात साखरेची गोळी पण नव्हती खिशात.'
फोन लावला, पाठ वळवून:
'आयलास कं?'
मग माझ्याकडे, पुन्हा टूरच्या आवाजात:
'काकी, पाच स्टार द्या हं. आणि चिंबोऱ्या पायजेत?
आजच्या हायत.'

दोन घेतल्या. नांग्या सुतळीनं बांधलेल्या.
घासाघीस केली नाही, हे घरी सांगितलेलं नाही.

स्टेशनामागचा चढ.
पिशवीत खुडबुड चाललेली,
आणि मी, पायाखाली नुसता फुटपाथ असताना,
थोडी पुढे झुकून.