पाच पॉईंट, माहूर

एसटी स्टँडबाहेर मोतीराम आडेची जीप,
काचेवर पिवळ्या अक्षरांत: पाच पॉईंट, परत स्टँड.
रेणुका, दत्त, अनसूया, मातृतीर्थ,
आणि पाचवा किल्ला, वेळ उरला तर.
"वेळ कुणाला उरतो," म्हणत त्यानं गिअर टाकला.

आम्ही जळकोटहून निघालेलो पहाटे,
नांदेडला गाडी बदलून, मी आणि कौसाआत्या.
तिच्या पिशवीत नारळ, साडीचोळी, गुडघ्याचं तेल,
आणि पंधरा वर्षांमागं बोललेला एक नवस,
ज्याचं कारण आता तिला आठवत नाही.

घाटात सागाची पानं टपाला घासत गेली.
मोतीराम एका हातानं वळण घ्यायचा,
दुसऱ्यानं झाडं दाखवायचा:
"हितं परवा अस्वल होतं. आज नाही.
आज सुट्टी हाय त्याला, गर्दी बघून."

पायऱ्या आत्यानं बसत बसत चढल्या.
दर दुकानात खलबत्ता,
पान, सुपारी, काथ, ठोका, पुन्हा ठोका.
गाभाऱ्यात देवीचा तो एवढा थोरला मुखवटा,
आणि त्याच्यापुढं आत्या, हात जोडून गप्प,
उधारी फेडायला यावं
आणि वहीत आपलं पानच सापडू नये, तशी.
साडी दिली. चोळी दिली. मागं रेटा आला, सरकली.
बाहेर तांबूल तोंडात धरला,
हनुवटीपर्यंत लाल झाली, म्हणाली,
"कुटून कामून देतात, आत्ता कळलं मला.
तिलाबी दात ऱ्हायले नसतील गं."

दत्तशिखरावर नुसता वारा.
अनसूयेपाशी एका नव्या जोडप्याचे
मी फोटो काढून दिले, तिन्हींत तिचे डोळे मिटलेले.
तिथून खाली, रानाच्या कडेला,
परातीच्या काठासारखं काहीतरी चमकलं.
"पैनगंगा," मोतीराम म्हणाला. "ती पॉईंटात नाही."

मातृतीर्थ झालं, स्टँड आलं,
आत्या काही उतरेना.
"ती दाव की मला."
"काय हाय तिथं बघायला, मावशी?"
मग स्वतःशीच: "जीप धुवायला जायचंच हाय म्हणा."

नदीवर एकही दुकान नव्हतं.
दारावरच्या तांबुलाच्या पिचकाऱ्या
मोतीराम बादलीनं धुवत होता, दर सोमवारसारखा.
"पल्याड विदर्भ," त्यानं फडक्यानं दाखवलं.
आत्यानं लुगडं पोटरीपर्यंत धरून
मराठवाड्याच्या बाजूनं पाय पाण्यात सोडले.
बराच वेळ गेला.
एक म्हैस पल्याडहून अल्याड आली.

"आठवलं," आत्या एकाएकी म्हणाली.
"काय?"
"झालं होतं की ते. कवाच."
आणि हसत सुटली, लाल, बोळकं तोंड उघडून,
मला काही सांगितलं नाही.

स्टँडवर मोतीरामनं चारच पॉईंटांचे पैसे घेतले.
किल्ला राहिला, म्हणाला.
नदीचं काही बोलला नाही.